विश्लेषण : भाजीपाल्याचे संशोधन बांधापर्यंत का पोहोचत नाही?

मे २०२० मध्ये टाळेबंदीमुळे बाजार आधीच विस्कळीत झाले होते. त्याच वेळी नगर, पुणे, नाशिक आणि सातारा जिल्ह्यांतील उन्हाळी टोमॅटोच्या प्लॉटमध्ये विचित्र फळे दिसू लागली. एकाच फळावर हिरवे, पिवळे आणि लाल चट्टे, आतून कडक गर, काही फळांवर खड्डे. शेतकऱ्यांनी या रोगाला ‘तिरंगा’ असे नाव दिले. अकोले, संगमनेर परिसरात तोडे सुरू असलेल्या बागा सोडून द्याव्या लागल्या. बियाणे सदोष होते, असा शेतकऱ्यांचा आरोप होता. हवामान आणि किडी याला कारणीभूत आहेत, असे बियाणे क्षेत्रातून सांगितले जात होते. काही वाहिन्यांनी तर या रोगाची सांगड करोनाशी घालून ग्राहकाला टोमॅटोचीच भीती घातली. वनस्पतीचा विषाणू माणसाला बाधत नाही, हे सांगण्यातच शास्त्रज्ञांचा बराच वेळ गेला.

रोगाचे नमुने अखेर बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेकडे गेले. तपासणीत काकडीवरील मोझॅक विषाणूसह एकाहून अधिक विषाणूंचा मिश्र प्रादुर्भाव आढळला. उत्तर मिळाले, पण ज्यांनी प्रश्न विचारला होता त्यांचा हंगाम तोवर संपत आला होता. देशात दरवर्षी २० कोटी टनांहून अधिक भाजीपाला पिकतो. २०१२-१३ पासून फळे-भाज्यांसह एकूण बागायती उत्पादनाने अन्नधान्याला मागे टाकले आहे. अशा देशात राज्यातील एका प्रमुख पिकाच्या पानाला काय झाले, हे कळण्यासाठी परराज्यातील प्रयोगशाळेकडे डोळे लावून बसावे लागते. भाजीपाला संशोधनाची अवस्था समजून घ्यायची तर सुरुवात इथून करावी लागेल.

रोगाचे नाव कळून काय फरक पडतो?

विषाणू लागलेले झाड बरे करणारे औषध नाही. मग नाव कळले काय, न कळले काय, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात सगळा फरक तिथेच पडतो, कारण प्रत्येक विषाणूचा प्रवास वेगळा असतो.

काकडीवरील मोझॅक विषाणू माव्यामार्फत पसरतो. मावा रोगट पानावर सोंड टेकवतो आणि काही सेकंदांत विषाणू उचलतो. पुढच्या निरोगी पानावर तितक्याच वेळात तो सोडतो. कीटकनाशकाने मावा मरेपर्यंत त्याचे काम होऊन गेलेले असते. त्यामुळे इथे फवारणीवर फवारणी हा खर्च बहुतांशी वाया जातो. चंदेरी मल्चिंग, बांधावर मका किंवा ज्वारीच्या दाट ओळी, प्लॉटभोवतीच्या तणांचा बंदोबस्त आणि जवळपास काकडीवर्गीय पिकाचा जुना प्लॉट उभा न ठेवणे, हे उपाय उपयोगी पडतात.

शेंडे करपवणारा, भुईमुगावरही येणारा बड नेक्रोसिस विषाणू फुलकिड्यांमार्फत येतो. फुलकिडा हा विषाणू पिल्लाच्या अवस्थेत घेतो आणि प्रौढ झाल्यावर आयुष्यभर पसरवत राहतो. इथे फुलकिड्यांचे वेळीच, विशेषतः रोपावस्थेत आणि लागवडीनंतरच्या पहिल्या आठवड्यांत, नियंत्रण केले तर फायदा दिसतो.

तिसरा प्रकार पांढऱ्या माशीमार्फत येणाऱ्या क्लोरोसिस विषाणूचा. त्यात खालच्या पानांच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. मॅग्नेशियमच्या कमतरतेची लक्षणेही जवळपास हीच असतात. दुकानात पान नेऊन दाखवले की मॅग्नेशियम सल्फेट आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांचा डोस हाती पडतो. देणाऱ्याची लबाडी असतेच असे नाही. नुसत्या डोळ्यांनी पाहून अनुभवी माणूसही इथे चुकतो. पण पंधरा दिवस खताच्या डोसात जातात आणि पांढरी माशी शेजारच्या प्लॉटमध्ये पोहोचते.

चौथा, टोमॅटो मोझॅक विषाणू आणि त्याचे भाईबंद, यांना किडीची गरजच नाही. ते बियाण्याच्या सालीवरून येतात आणि मजुरांचे हात, कात्री, बांधणीची सुतळी, जुने बांबू यांवरून झाडोझाड पोहोचतात. इथे कीटकनाशकाचा काहीच उपयोग नाही; हात धुणे, अवजारे निर्जंतुक करणे आणि बियाणे तपासून घेणे एवढेच करता येते.

भरपाईचा प्रश्नही याच निदानावर उभा असतो. रोग बियाण्यातून आला असेल तर जबाबदार एक, रोपवाटिकेतून आला असेल तर दुसरा आणि किडीने आणला असेल तर कुणीच नाही. निदान नसेल तर तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती पंचनामा करते, पण त्यावर ‘विषाणूसदृश लक्षणे’ याहून अधिक काही लिहू शकत नाही. एवढ्या कागदावर ग्राहक मंचात दावा टिकवणे अवघड असते. टोमॅटोला रोपे, मल्चिंग, ठिबक, बांबू, तार, सुतळी, मजुरी धरून एकरी खर्च लाखाच्या पुढे सहज जातो. तो कुणाच्या नावावर पडणार, हे ठरवणारी चाचणी मात्र तालुक्यात होत नाही.

मग शेतकरी विचारतो कुणाला?

कृषी सेवा केंद्राला. हे सर्वांना ठाऊक आहे, आणि आकडेवारीही तेच सांगते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ५९व्या फेरीत, २००३ मध्ये, देशभरातील शेतकरी कुटुंबांना तंत्रज्ञानाची माहिती कुठून मिळते हे विचारले गेले. सुमारे ६० टक्के कुटुंबांना कोणत्याही स्रोताकडून माहिती मिळत नव्हती. ज्यांना मिळत होती त्यांत प्रगतिशील शेतकरी (१६.७ टक्के) आणि निविष्ठा विक्रेते (१३.१ टक्के) आघाडीवर होते. सरकारी विस्तार कर्मचाऱ्यांचा वाटा ५.७ टक्के आणि कृषी विज्ञान केंद्रांचा ०.७ टक्के होता. तेव्हापासून मोबाइल आला, व्हॉट्सअॅपचे गट आले, यूट्यूबवर ‘एकरी शंभर टन’ काढून देणाऱ्यांची रांग लागली. तरी संध्याकाळी पान खिशात घालून दुकानाच्या पायरीवर जाणारा शेतकरी आजही दिसतो.

दुकानदाराला खलनायक ठरवणे सोपे आहे. पण तो रात्री आठपर्यंत बसलेला असतो, उधारी देतो, गावातल्या कोणत्या प्लॉटला केव्हा लागण झाली हे त्याला पाठ असते. या तिन्ही गोष्टी सरकारी यंत्रणेकडे नाहीत. कृषी सहायकाकडे अनेक गावे असतात आणि पंचनामे, पीक कापणी प्रयोग, अनुदानाच्या याद्या यांतून त्याला भाजीच्या प्लॉटपर्यंत जायला फुरसत मिळत नाही. विक्रेत्यांना निदान शास्त्रीय पाया मिळावा म्हणून हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेने २००३ मध्ये ‘देसी’ हा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला, तो उपयुक्तही ठरला. अडचण वेगळीच आहे. ज्याचे घर विक्रीवर चालते त्याच्याकडून ‘यावर काही फवारू नका, झाड उपटा’ हा सल्ला येणे कठीण असते. आणि विषाणूच्या बाबतीत अनेकदा हाच सल्ला बरोबर असतो.

याचा दुसरा परिणाम ताटात उमटतो. कीटकनाशकाच्या लेबलावर ते कोणत्या पिकासाठी आणि कोणत्या किडीसाठी नोंदवले आहे, फवारणीनंतर किती दिवस तोडणी करायची नाही, हे लिहिलेले असते. कापूस, भात यांसारख्या मोठ्या पिकांसाठी कंपन्या चाचण्या करून नोंदणी घेतात. दोडका, गवार, कारले यांच्यासाठी तो खर्च परवडत नाही, म्हणून या पिकांना अधिकृत शिफारशी मोजक्याच आहेत. शेतकरी मग शेजारच्या पिकाचे औषध वापरतो. भेंडी, गवार, काकडीचा तोडा एक-दोन दिवसांआड असतो. तिथे सात दिवसांचा प्रतीक्षा काळ पाळायचा म्हणजे दोन-तीन तोडे फेकून द्यायचे. भाजीत औषधाचा अंश सापडला की शेतकऱ्याला दोष दिला जातो; लहान पिकांसाठी शिफारसच नाही, याची चर्चा होत नाही.

सरकारी संशोधन आहे तरी कुठे?

आहे, आणि थोडे नाही. अखिल भारतीय समन्वित भाजीपाला संशोधन प्रकल्प १९७०-७१ पासून चालू आहे. वाराणसीला भारतीय भाजीपाला संशोधन संस्था आहे. बेंगळुरूची उद्यानविद्या संस्था १९६७ ची. तिथल्या ‘अर्का रक्षक’ या संकरित टोमॅटोत पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा अशा तीन रोगांना प्रतिकारक्षमता एकत्र आणलेली आहे. पुणे जिल्ह्यात राजगुरुनगरला कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे. भीमा सुपर, भीमा शक्ती, भीमा किरण हे तिथलेच वाण. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने टोमॅटोचे भाग्यश्री, धनश्री आणि कांद्याचे एन-२-४-१, बसवंत ७८० हे वाण दिले. बारामतीला डच सहकार्याने उभारलेले भाजीपाला गुणवत्ता केंद्र आहे. नारायणगावचे कृषी विज्ञान केंद्र तर टोमॅटोच्या पट्ट्यातच आहे.

तरीही जुन्नर किंवा निफाडच्या टोमॅटो उत्पादकाला कोणता वाण लावला असे विचारले तर तो बहुधा खासगी कंपनीचा क्रमांक किंवा नाव सांगेल. यात त्याची चूक नाही. दूरच्या बाजाराला जाणारे फळ कडक लागते, आकार एकसारखा लागतो, क्रेटमध्ये चार दिवस टिकावे लागते. खासगी संकरित वाणांनी हे दिले. कांद्यात सरकारी संस्थांचे वाण टिकून आहेत, कारण तिथे शेतकरी स्वतः बियाणे धरू शकतो. टोमॅटो, ढोबळी, कोबी, फ्लॉवरमध्ये तो दरवर्षी पाकीट विकत घेतो आणि पाकीट वेळेवर, हव्या तितक्या संख्येने दुकानात पोहोचवणे हे सरकारी संस्थांना आजवर फारसे जमलेले नाही. बेंगळुरूच्या संस्थेने ऑनलाइन बियाणे विक्री सुरू केली, हा त्यातला चांगला अपवाद.

सरकारी आणि खासगी यांच्यातली रेघ तितकी ठळकही नाही. पर्णगुच्छ विषाणूला रोखणारे एक महत्त्वाचे जनुक, ‘टीवाय-२’, रानटी टोमॅटोतून लागवडीच्या टोमॅटोत आले ते जी. कल्लू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतात विकसित केलेल्या एच-२४ या ओळीतून. ती ओळ तैवानच्या जागतिक भाजीपाला केंद्रामार्फत जगभरच्या पैदासकारांकडे गेली. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या या केंद्राचे साहित्य खासगी आणि सरकारी दोघेही वापरतात. म्हणजे सार्वजनिक पैशातून झालेले काम फिरून खासगी पाकिटातून शेतकऱ्याकडे येऊ शकते. पाकिटावर मात्र बहुतेक वेळा ‘विषाणूस सहनशील’ एवढेच मोघम लिहिलेले असते. कोणत्या विषाणूस आणि किती, हे शेतकऱ्याला कळायला हवे. १९६६ च्या बियाणे कायद्यानुसार प्रमाणीकरण ऐच्छिक आहे. भाजीपाल्याचे संकरित बियाणे बहुतांशी कंपनीच्या स्वतःच्या हमीवर, सत्यप्रत म्हणून विकले जाते. ती हमी उगवण आणि शुद्धतेपुरती असते. रोगप्रतिकाराच्या दाव्याची तटस्थ तपासणी करून तिचे निकाल दरवर्षी मराठीत जाहीर करणारी व्यवस्था नाही.

प्रतिकारक वाण एकदा दिला की काम संपत का नाही?

भेंडीचे उदाहरण बोलके आहे. पिवळ्या शिरांचा केवडा हा भेंडीचा जुना शत्रू. त्याला तोंड देणारा ‘पुसा सावनी’ हा वाण दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने दिला आणि तो देशभर गेला. जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांनी बियाणे व्यवसायाची सुरुवात या भेंडीपासून केली आणि त्यातून पुढे १९६४ मध्ये ‘महिको’ उभी राहिली. पण काही वर्षांत पुसा सावनी केवड्याला बळी पडू लागली. मग परभणीच्या कृषी विद्यापीठाने पुसा सावनीचा रानभेंडीच्या जातीशी संकर करून ‘परभणी क्रांती’ दिली. मराठवाड्यातल्या विद्यापीठाचा हा वाण राज्याबाहेरही गाजला आणि कालांतराने त्याचीही प्रतिकारशक्ती उणी पडू लागली.

विषाणू बदलतो, पांढरी माशी औषधांना निर्ढावते, हवामान किडीला नवा हंगाम उघडून देते. शिवाय नवे पाहुणे येतात. टोमॅटोची पाने आणि फळे पोखरणारी ‘टुटा’ ही दक्षिण अमेरिकेतली नागअळी भारतात पहिल्यांदा २०१४ मध्ये आढळली ती महाराष्ट्रात, पुणे परिसरात. मिरचीवरचे काळे फुलकिडे २०२१-२२ च्या हंगामात तेलंगणा आणि आंध्रातील मिरची उद्ध्वस्त करून गेले. तो कीटक त्याआधी काही वर्षे बेंगळुरूत पपईवर नोंदवला गेला होता. कोकण आणि गोव्याच्या आम्लधर्मी जांभ्या जमिनीत जिवाणूजन्य मर वांगी-टोमॅटोला उभी झोपवते, तिथे रोगप्रतिकारक खुंटावर कलम केलेली रोपे हा मार्ग जगात सिद्ध झालेला आहे. पण देशावरच्या शेतकऱ्याला त्याच कलमाचा वाढीव खर्च परवडेल का, हे त्याच्या जमिनीत दोन-तीन हंगाम लावून पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. म्हणून भाजीपाला संशोधन हे धरण बांधण्यासारखे एकदाचे काम नसते. ते विहिरीच्या मोटारीसारखे सतत चालू ठेवावे लागते.

किडींवर लक्ष ठेवण्याची ‘क्रॉपसॅप’ ही चांगली व्यवस्था महाराष्ट्राने २००९ मध्ये उभारली. आदल्या वर्षी सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाल्यावर. ठरावीक गावांत दर आठवड्याला निरीक्षण, नोंद आणि त्यावरून सल्ला. सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा अशा सलग, मोठ्या क्षेत्राच्या पिकांना ती फळली. भाजीपाला मात्र अर्ध्या-अर्ध्या एकराच्या तुकड्यांत, वर्षभर, वेगवेगळ्या तारखांना लागतो. तिथे हीच पद्धत जशीच्या तशी चालत नाही.

द्राक्षाला जमले ते भाजीला का जमत नाही?

याच राज्यात, याच मातीत, द्राक्ष उत्पादकांनी हा प्रश्न बऱ्याच अंशी सोडवला आहे. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ सहा दशकांहून जुना आहे. त्याचे स्वतःचे संशोधन आणि प्रकाशन आहे, दरवर्षीची परिषद आहे, तिथे शास्त्रज्ञांना बागायतदार उभे राहून उलटतपासणी घेतल्यासारखे प्रश्न विचारतात. पुण्याजवळ मांजरीला १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे आणि हंगामात तिथून नियमित सल्ले निघतात. २०१० मध्ये एका वाढरोधकाच्या अंशामुळे युरोपात गेलेले कंटेनर अडकले, तेव्हा तपासणीची पद्धत सुधारली गेली. कारण नुकसान कुणाचे झाले हे स्पष्ट होते आणि बोलायला संघटना होती.

भाजी उत्पादक असा एका पिकाला बांधलेला नसतो. तो यंदा टोमॅटो लावतो, पुढच्या वेळी फ्लॉवर, भाव पडला की कोथिंबीर. द्राक्षबाग पंधरा वर्षांची गुंतवणूक असते, भाजी तीन महिन्यांची. तीन महिन्यांच्या पिकासाठी कोण संघ काढणार आणि वर्गणी भरणार? निर्यातीच्या भेंडीसाठी शेतनोंदणीची ‘व्हेजनेट’ व्यवस्था आली, म्हणजे युरोपच्या ग्राहकासाठी शिस्त लागली. मुंबई-पुण्याच्या ग्राहकासाठी तशी शिस्त लावावी, असे दडपण कुणीच आणले नाही.

संघटना नसल्याचा पैशाशीही संबंध आहे. ऑस्ट्रेलियात भाजी उत्पादकाच्या पहिल्या विक्रीवर ०.५ टक्का आकारणी होते, त्यातून संशोधनावर होणाऱ्या खर्चात सरकार तितकीच भर घालते आणि पैसा कोणत्या प्रश्नावर लावायचा हे ठरवताना उत्पादकांचा आवाज असतो. हे सरसकट आदर्श मानण्याचेही कारण नाही. ब्रिटनमध्ये अशीच सक्तीची आकारणी होती. २०२१ मधील मतदानात तिथल्या बागायती उत्पादकांनी बहुमताने ती बंद करायला सांगितली. पैसे जातात त्या मानाने आपल्या पिकाला काही मिळत नाही, ही मोठ्या उत्पादकांची तक्रार होती. अमेरिकेत १९१४ च्या कायद्याने विद्यापीठे आणि जिल्हा विस्तार यंत्रणा एकमेकांना जोडली गेली, म्हणून आजही तिथले भाजी उत्पादक विद्यापीठाच्या रोगनिदान केंद्राकडे पान पाठवतात आणि राज्याराज्यांची भाजीपाला मार्गदर्शिका ठरावीक काळाने सुधारून निघते. कोणत्या किडीला कोणते औषध, किती प्रमाण, तोडणीआधी किती दिवस, हे सगळे एका पुस्तकात. आपल्याकडे हीच माहिती कृषी दैनंदिनी, विद्यापीठांच्या घडीपत्रिका आणि केंद्रीय नोंदणी मंडळाची इंग्रजी यादी यांत विखुरलेली आहे.

महाराष्ट्रात बाजार समित्या शेतमालाच्या व्यवहारावर शुल्क घेतातच. त्यातला लहानसा हिस्सा त्याच बाजाराच्या पट्ट्यातील रोगनिदानासाठी बांधून ठेवणे, हा नवा कर ठरणार नाही. पिंपळगाव बसवंत आणि नारायणगावच्या आवारात टोमॅटोच्या हंगामात एवढी उलाढाल होते की निदानाची छोटी प्रयोगशाळा तिथेच उभी राहू शकेल. काही विषाणूंसाठी पट्टीच्या चाचण्या उपलब्ध आहेत. पानाचा रस टाकला की काही मिनिटांत रेघ उमटते. बाकीच्यांसाठी पीसीआर लागते. करोनाकाळात जिल्ह्याजिल्ह्यांत ही यंत्रे आली आणि चालवणारे तंत्रज्ञही तयार झाले. वनस्पतीचा विषाणू ओळखण्याचे तंत्र तेच आहे.

भावाचे संशोधन कुणाचे काम?

रोगातून वाचलेला माल भावात मरतो, हे भाजी उत्पादकाला वेगळे सांगायला नको. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो किरकोळ बाजारात शंभरीच्या कितीतरी पुढे गेला. केंद्राने ग्राहकांसाठी १४ जुलैपासून ९० रुपये किलोने विक्री सुरू केली आणि २० ऑगस्टपर्यंत ती ४० रुपयांवर आणली. सप्टेंबरमध्ये आवक वाढली, भाव कोसळले आणि शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतल्याची छायाचित्रे आली. जुलैतला भाव पाहून लावलेला प्लॉट सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोड्याला येतो, यात अनपेक्षित काहीच नव्हते.

इथे एक साधी गोष्ट वापरली जात नाही. टोमॅटो, मिरची, कोबी, फ्लॉवर आता बहुतेक ठिकाणी रोपवाटिकेतल्या ट्रेमधूनच लागतो. रोप २५ ते ३० दिवसांचे असते आणि टोमॅटोचा पहिला तोडा लागवडीनंतर साधारण ६५ ते ७५ दिवसांनी येतो. म्हणजे रोपवाटिकांत किती ट्रे भरले जात आहेत, हे कळले की तीन महिन्यांनी बाजारात काय येणार याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. राज्य सरकारने २०२० मध्ये भाजीपाला रोपवाटिकांसाठी पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर योजना आणली. अनुदान घेणाऱ्या रोपवाटिकांनी आठवड्याची विक्री कळवावी आणि तालुकावार आकडा जाहीर व्हावा, यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. आज ही माहिती असते ती बियाणे कंपन्यांच्या प्रतिनिधींकडे आणि मोठ्या व्यापाऱ्यांकडे. शेतकऱ्याकडे असतो गेल्या वर्षीचा भाव.

२०१८-१९ च्या अर्थसंकल्पात टोमॅटो, कांदा, बटाट्यासाठी ५०० कोटी रुपयांची ‘ऑपरेशन ग्रीन्स’ योजना जाहीर झाली होती. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, रिझर्व्ह बँकेच्या संशोधन निबंधात ग्राहकाच्या रुपयातील शेतकऱ्याचा वाटा टोमॅटोत ३३, कांद्यात ३६ आणि बटाट्यात ३७ पैसे असल्याचा अंदाज मांडला गेला. राज्याने २०२५ मध्ये शेतीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण मंजूर केले, ‘महाविस्तार’ अॅपही आले. अशी साधने मराठीत प्रश्नाचे उत्तर देऊ शकतील, पण खालच्या पानाचा पिवळेपणा मॅग्नेशियमचा की विषाणूचा, हे फोटोवरून त्यांनाही नेमके सांगता येणार नाही. नमुना कुणीतरी तपासावाच लागेल.

तोवर हाताशी काय आहे?

रोपे घेताना पावतीवर वाणाचे नाव, बियाण्याचा लॉट क्रमांक आणि पेरणीची तारीख लिहून घ्यावी. पाकीट रोपवाटिकेकडेच राहते आणि तक्रारीच्या वेळी शेतकऱ्याकडे दाखवायला काहीच नसते, हा अनुभव नेहमीचा आहे. रोपवाटिकेची जाळी फाटकी असेल, दार एकेरी असेल, शेजारी जुना टोमॅटो उभा असेल तर रोप कितीही टवटवीत दिसले तरी घेऊ नये. विषाणूची लागण रोपावस्थेत झाली की लक्षणे दिसेपर्यंत लागवड होऊन गेलेली असते.

संशयित झाड दिसल्यास कोवळा शेंडा, मधले पान आणि फळ असा नमुना दोन-तीन झाडांवरून घ्यावा, सोबत एका निरोगी झाडाचाही. ओल्या प्लास्टिकच्या पिशवीत तो सडतो. कोरड्या कागदात गुंडाळून त्याच दिवशी कृषी विज्ञान केंद्रात न्यावा. बागेचे आणि फळांचे फोटो तारखेसह ठेवावेत. तक्रार करायची असेल तर प्लॉट मोडण्याआधी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी, कारण उपटलेल्या बागेचा पंचनामा होत नाही. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा निःशुल्क क्रमांक २००४ पासून चालू आहे, तिथे मराठीत बोलता येते. कांद्यासाठी राजगुरुनगरचे संचालनालय वेळोवेळी सल्ला प्रसिद्ध करते. उन्हाळी टोमॅटोची रोपे जानेवारीत भरायला लागतात, त्यामुळे रोपवाटिका पाहून ठेवायची ती डिसेंबरातच.